‘हलका व्यायाम चालेल’ म्हणजे नेमकं काय चालेल?

क्लायंट डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतात. तिच्यावर बहुतेक वेळा एकच ओळ असते, ‘हलका व्यायाम चालेल’. हलका म्हणजे किती, हे मग ट्रेनरने ठरवायचं. आणि आम्ही काय करतो? एक-एक किलोचे डंबेल्स हातात देतो आणि मोकळे होतो. कुणाला राग आला तरी चालेल, पण माझ्या मते ही काळजी नाही, हा आळस आहे.

माझी चूक उलट बाजूची होती. नवीन असताना साठीतल्या एक काकू आल्या. फॉर्मवर ‘बीपी: हो’ अशी टिक. मी २२० वजा वय हे कमाल ठोक्यांचं गणित मांडलं आणि त्याच्या साधारण ७० टक्के, म्हणजे मिनिटाला ११० ठोक्यांचं टार्गेट दिलं. घड्याळातला आकडा ९५ च्या पुढे सरकेना आणि मी आपली "काकू, अजून थोडं!" करत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला तेव्हा थांबले. त्या बीटा ब्लॉकर ही बीपीची गोळी घेत होत्या. ती ठोके फारसे वाढू देत नाही, त्यामुळे तिथे ते गणित फोल. आणि मी गोळीचं नावच विचारलं नव्हतं! आता अशा वेळी मी त्यांचं बोलणं ऐकते. वाक्य पूर्ण बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे वेग मध्यम.

डायबिटीसचंही तसंच. फक्त मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्याची शुगर व्यायामाने सहसा धोकादायक उतरत नाही. इन्सुलिनवाल्याची उतरू शकते, तीही कधी कधी रात्री झोपेत. त्याची शुगर ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊ घालायचं, मग व्यायाम. आजार एकच, प्लॅन मात्र दोन. (आणि पायाची संवेदना कमी झालेली असेल तर बूट काढून तळपाय बघा. लाजू नका.)

पण ‘हलका’ शब्दाने सगळ्यात जास्त घात केलाय तो ठिसूळ हाडांच्या बायकांचा. त्यांना मॅटवर झोपवून सिट-अप्स देतात, कारण त्यात वजन नसतं. १९८४ चा एक छोटा अभ्यास आहे. त्यात पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या ९ जणींपैकी ८ जणींच्या मणक्यांत नवी मोडतोड दिसली. पाठ मागे ताणणाऱ्या २५ जणींत फक्त ४. याउलट २०१७ च्या लिफ्टमोर चाचणीत, हाडांची घनता कमी असलेल्या, पाळी गेलेल्या बायकांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) आणि स्क्वॉट (वजन घेऊन उठबस) केले, तेही कमाल ताकदीच्या ८० ते ८५ टक्क्यांपुढच्या वजनाने. कंबरेच्या मणक्यांची घनता वाढली. अर्थात तिथे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारे लोक होते आणि आधी तंत्र शिकवलं होतं. उद्या आईच्या हातात बारबेल द्या, असं मी म्हणत नाहीये.

बीपीवाल्यांना वजन द्यायला मी घाबरत नाही, श्वास रोखून धरण्याला घाबरते. १९८५ मध्ये धडधाकट बॉडीबिल्डर्सच्या धमनीत सुई घालून लेग प्रेस (पायांनी वजन ढकलणं) करताना रक्तदाब मोजला, तर सरासरी ३२०/२५० भरली! म्हणून उचलताना तोंडाने मोजायला लावते. मोजताना श्वास रोखता येत नाही.

आता माझ्या फॉर्मवर टिक नाही, गोळ्यांची पाकिटंच आणायला सांगते. त्या काकू अजून येतात. परवा आल्या आल्या बुटाची लेस सोडतानाच म्हणाल्या, "अगं, गोळी बदललीय, आधी हे बघ."