'कलर'मधला यू अमेरिकेनं चोरलेला नाही

इंग्रजीच्या शिक्षकांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: इंग्लंडचं स्पेलिंग हेच मूळ आणि शुद्ध, अमेरिकनांनी आळसापायी अक्षरं गाळली, न उच्चारली जाणारी अक्षरं म्हणजे जुन्या उच्चारांच्या खुणा, आणि जुन्या पुस्तकांतली निराळी स्पेलिंगं म्हणजे अडाण्यांच्या चुका.

मी आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. आमच्या एका मुलीनं पेपरात 'कलर' यू-विना लिहिलं, तर लाल पेनानं गोल करून अर्धा मार्क कापला होता. शेजारी शेरा: 'अमेरिकन चूक'. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी त्या यूचंच पाहू. लॅटिनमधल्या मूळ 'कलर', 'ऑनर'मध्ये यू नाहीच. तो फ्रेंचच्या वाटेनं आला. पुढे कित्येक शतकं इंग्लंडात दोन्ही रूपं सुखानं नांदली. १६२३ साली लंडनमध्ये छापलेल्या शेक्सपिअरच्या नाटकांच्या फोलिओत, म्हणजे पहिल्या मोठ्या संग्रहात, 'ऑनर' यू-सह आहे आणि यू-विनाही. ज्याच्यावर या चोरीचा आळ येतो तो अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टर जन्मला १७५८मध्ये.

यूचा पक्ष बळकट केला तो इंग्लंडच्या सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशानं. पण त्याच कोशात 'गव्हर्नर', 'एम्परर', 'एरर', 'टेरर' यांतही यू आहे, आणि 'म्युझिक', 'पब्लिक' यांच्या शेवटी सीनंतर के. आज लंडनचं कुठलंही वर्तमानपत्र उघडा, ना तो यू दिसेल ना तो के. ही अक्षरं खुद्द इंग्रजांनीच टाकून दिली. मग 'एरर'मधला यू गाळला तर सुधारणा आणि 'कलर'मधला गाळला तर आळस, हा कुठला न्याय? जॉन्सन काही एकसूत्रीही नव्हता: त्याच्याकडे 'अपहिल'ला दोन एल आहेत, 'डाउनहिल'ला एकच. वेबस्टरनं १८२८च्या कोशात यू-विना रूपं घेतली, ती आधीपासून चालत होती म्हणून टिकली. 'टंग' आणि 'विमेन' ही त्यानं उच्चाराबरहुकूम लिहून पाहिली, ती अमेरिकनांनीच नाकारली.

'ऑर्गनाइज'मधला झेडही अमेरिकन नव्हे. ऑक्सफर्डचा मोठा कोश आजही झेडच लावतो.

आता न उच्चारली जाणारी अक्षरं. 'नाइट' म्हणजे सरदार, यातला के आणि जीएच एके काळी खरोखर उच्चारले जात, तेवढं म्हणणं मान्य. पण 'डेट' म्हणजे कर्ज, हा शब्द घ्या. फ्रेंचमधून आला तेव्हा तो डी-ई-टी-टी-ई असा लिहीत. बी ना उच्चारात ना कागदावर. लॅटिनच्या भक्तीत बुडालेल्या पंडितांना पुढे 'डेबिटम' आठवलं आणि त्यांनी बी आत कोंबला. शाळेतलं पोर आजवर तो घोकतंय. 'आयलंड'मधला एस तर निव्वळ गैरसमज आहे: जुन्या इंग्रजीतल्या या शब्दाचं फ्रेंचमधून आलेल्या 'आइल'शी काही नातं नाही, पण दिसायला जवळचे म्हणून एस चिकटला. 'घोस्ट'मधला एच छापखान्यातून आला असं मानतात. विल्यम कॅक्स्टननं १४७६मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, त्याआधी तो बरीच वर्षं आजच्या बेल्जियममधल्या ब्रुजमध्ये होता. तिथल्या फ्लेमिश लिहिण्याची सवय खिळ्यांबरोबर इकडे आली. कोयत्यासारख्या मोठ्या पात्याच्या 'साइद'मधला सीसुद्धा लॅटिनचा चुकीचा धागा पकडून घुसला. जॉन्सननं तो सीविनाच लिहिला होता.

राहिला अडाण्यांचा मुद्दा. शेक्सपिअरच्या स्वतःच्या सहा सह्या उरल्या आहेत आणि त्यांतलं स्पेलिंग एकसारखं नाही. त्याला अडाणी म्हणायचं का? नियमच ठरलेला नव्हता, तर मोडणार काय? आपल्याकडे १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची पुस्तकं काढा: 'नाहीं', 'कांहीं', 'करितां'. आजोबांच्या पत्रातल्या त्या अनुस्वारांना आपण चुका म्हणत नाही.

त्या मुलीचा पेपर घेऊन मी तपासणाऱ्या बाईंकडे गेले, कोश उघडून दाखवला, अर्धा मार्क परत आला. तिनं एकाच उत्तरात 'कलर' यू-विना आणि 'फेव्हरिट' यू-सह लिहिलं असतं, तर खूण मीही केली असती. शेजारी लिहिलं असतं, 'एकच पद्धत ठेव.'