सहाशेच्या आतल्या गुणांवर एमबीबीएस संपते का?

एमबीबीएसच्या प्रवेशासाठी देशभर होणाऱ्या नीट-यूजी परीक्षेचा निकाल लागला की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत दरवर्षी एक संदेश फिरू लागतो. आकडे थोडेफार बदलतात, मजकूर तोच राहतो: ७२० पैकी ६०० च्या आत गुण असतील तर महाराष्ट्रात अर्ज भरण्यात वेळ दवडू नका, सरकारी महाविद्यालय मिळणार नाही आणि खासगीला कोटभर रुपये लागतील, तेव्हा एक तर ड्रॉप घ्या, म्हणजे वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा द्या, नाही तर परदेशातली जागा आताच पक्की करा. तळाशी बहुधा एखादा मोबाइल क्रमांक असतो. पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू चांगलाच असतो, म्हणून हेतूविषयी न बोलता मजकूरच तपासलेला बरा.

सर्वांत आधी तो सहाशेचा आकडा. २०२४ साली साडेसहाशेच्या वर गुण मिळवणारे विद्यार्थी तीस हजारांच्या आसपास होते आणि ६०० गुण असूनही देशपातळीवरचा क्रमांक ऐंशी हजारांच्या घरात जात होता. २०२५ साली देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते, ६५० च्या वर केवळ ७३ विद्यार्थी होते आणि ६०१ ते ६५० या टप्प्यात १,२५९. म्हणजे त्या वर्षी सहाशेची रेषा ओलांडणारे सगळे मिळून तेराशेच्या थोडे वर, आणि एमबीबीएसच्या जागा मात्र देशभरात एक लाखाहून अधिक. संदेश खरा मानायचा, तर उरलेल्या जागा रिकाम्या राहायला हव्या होत्या! प्रश्नपत्रिका अवघड होती, शिवाय २०२१ पासून मिळणारी वैकल्पिक प्रश्नांची सवलत काढून घेतलेली होती, त्यामुळे सगळ्यांचेच गुण खाली आले आणि तेच गुण कितीतरी वरच्या क्रमांकाला जाऊन बसले. ‘मध्यम गुण’ कशाला म्हणायचे हे त्या त्या वर्षीची प्रश्नपत्रिका ठरवते, आणि गेल्या वर्षीचा कटऑफ गुणांत सांगणारा कोणताही तक्ता यंदा जवळजवळ निरुपयोगी असतो.

उपयोगी असतो तो क्रमांक, आणि तोही मुख्यतः राज्याच्या गुणवत्ता यादीतला, ज्याला प्रवेशाच्या धावपळीत सगळे ‘एसएमएल’ (स्टेट मेरिट लिस्टमधील क्रमांक) म्हणतात. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के राज्य कोट्यातून भरल्या जातात. राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, त्यामुळे तिथली स्पर्धा साऱ्या देशाशी नसते. राज्यातील प्रवेश प्रक्रिया राबवणारा सीईटी कक्ष प्रत्येक फेरीची निवड यादी जाहीर करतो. गेल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीची यादी उघडावी, हव्या त्या महाविद्यालयात आपल्या प्रवर्गातून शेवटचा प्रवेश कोणत्या एसएमएलला मिळाला ते पाहावे आणि आपला एसएमएल त्याच्या शेजारी ठेवावा. पहिल्या फेरीच्या यादीवरून निराश होण्याची चूक बरेच जण करतात, कारण अखिल भारतीय कोट्यात किंवा दुसऱ्या महाविद्यालयात गेलेल्यांच्या जागा पुढच्या फेऱ्यांत मोकळ्या होत जातात.

सरकारी महाविद्यालय मिळणार नाही, या विधानात तथ्याचा अंश आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याचा एसएमएल खरोखरच मध्यम असेल तर सरकारी जागेची शक्यता कमीच असते. परंतु हे विधान सर्वांना सरसकट लागू करता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ येथे दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आणि त्यांतून सुमारे ९०० जागांची भर पडली. राखीव प्रवर्गांचे चित्र तर पूर्णच वेगळे असते. तिथे गुणांपेक्षा कागदपत्रांनी घात झाल्याचे अधिक दिसते: जात वैधता प्रमाणपत्र हाती नसते, किंवा नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत नसते, आणि मग प्रवर्गाचा लाभ जाऊन विद्यार्थी खुल्या यादीत ढकलला जातो. हे टाळण्याचा सल्ला त्या संदेशात कधीच नसतो, कारण तो देऊन कोणाला दलाली मिळत नाही.

कोटभर रुपयांच्या दाव्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ केलेली आहे. महाराष्ट्रातील खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत ८५ टक्के जागा राज्याच्या गुणवत्ता यादीतून भरतात आणि त्यांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. अनेक ठिकाणी ते वर्षाला दहा लाखांच्या मागेपुढे असते, म्हणजे साडेचार वर्षांचे साधारण पंचेचाळीस लाख. उरलेला १५ टक्के संस्थात्मक व अनिवासी भारतीय कोटा याच्या कित्येक पट महाग असतो. अभिमत विद्यापीठे ही तिसरी गोष्ट: त्यांचे प्रवेश केंद्रीय समितीमार्फत होतात आणि वर्षाला वीस-पंचवीस लाख शुल्क असलेल्या ठिकाणी एकूण रक्कम खरोखरच कोटीपर्यंत पोहोचते. पंचेचाळीस लाख ही मध्यमवर्गीय घराला परवडणारी रक्कम आहे असे मी म्हणणार नाही, पण कोटी आणि पंचेचाळीस लाख यांतला फरक एखाद्या घराएवढा आहे. शिवाय २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेवर शिक्षण शुल्क माफ आहे; संस्थात्मक कोटा आणि अभिमत विद्यापीठे मात्र या योजनेत येत नाहीत. अधिकृत शुल्काखेरीज वेगळे पैसे घेऊन जागा ‘करून देतो’ म्हणणाऱ्याविषयी एवढेच सांगणे पुरे की कॅपिटेशन फी घेण्यास महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

परदेशाचा पर्याय संदेशात सर्वांत सोपा दाखवला जातो आणि प्रत्यक्षात अटी तिथेच सर्वांत जास्त आहेत. नीट पात्रता तिथेही लागते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते, त्या देशात वैद्यकीय व्यवसाय करण्याची पात्रता मिळवावी लागते आणि परतल्यावर भारतात पुन्हा बारा महिने इंटर्नशिप करावी लागते. मध्ये एफएमजीई ही परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्यांची परीक्षा उभी असते: ३०० प्रश्न, उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही, आणि तरीही अलीकडच्या बहुतेक सत्रांत तिघांपैकी दोघांहून अधिक नापास झालेले आहेत. तिकडे जाऊच नये असा याचा अर्थ नाही. पण राज्याची गुणवत्ता यादी लागण्यापूर्वी तिकडचा पहिला हप्ता भरून मोकळे होणे हा निर्णय कोणत्याही हिशेबात बसत नाही.

राहिला ड्रॉप. नीटला प्रयत्नांची किंवा कमाल वयाची मर्यादा नाही, त्यामुळे तो मार्ग खुला आहेच. फक्त तो अर्ज भरण्याला पर्याय नाही. नोंदणीच केली नाही तर नाव गुणवत्ता यादीत येत नाही आणि आपल्याला नेमके काय मिळाले असते हे कधीच कळत नाही. एसएमएल हाती आल्यावर ड्रॉपचा निर्णय घेता येतो. उलट, जागा स्वीकारून मग ड्रॉपचा विचार करणाऱ्याने जागा सोडण्याविषयीचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत आधीच वाचलेले असावेत, कारण ठरलेल्या मुदतीनंतर प्रवेश रद्द केल्यास मोठा आर्थिक भुर्दंड बसू शकतो.