गॅस भरा, गळती विसरा

होळी पेटली की थंडी जाते आणि गाडीतल्या एसीची आठवण होते. चार महिने कुणी हात न लावलेलं बटण दाबलं जातं, ब्लोअर घरघरतो, आणि तोंडावर येणारं वारं बाहेरच्या वाऱ्यापेक्षा अंमळ गरमच असतं. तुमची गाडी दहा-बारा वर्षांच्या पुढे गेलेली असेल तर घाबरून जाऊ नका. अशा वेळी काय करायचं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गॅस भरून घ्यायचा. गेल्या वर्षी भरला होता, त्याच्या आदल्या वर्षीही भरला होता, म्हणून तर यंदाही भरायचा. परंपरा आपण नाही पाळायची तर कुणी?

मात्र त्याआधी एक गैरसमज मनात पक्का रुजवून घ्या, त्याशिवाय पुढचं काही जमणार नाही. इंजिन पेट्रोल पितं तसा एसी गॅस पितो, असं मानायचं. प्रत्यक्षात तो गॅस बंद नळ्यांमध्ये नुसता फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरच्या पुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून पातळ होतो, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना गाडीतली उष्णता ओढून घेतो आणि परत कॉम्प्रेसरकडे जातो. यात खर्ची पडण्यासारखं काही नाही. रबरी पाईपांतून वर्षानुवर्षं थोडाफार झिरपतो, एवढंच. छोट्या गाडीत तो मावतोच मुळी साधारण ४००-४५० ग्रॅम. तेवढा सगळा एका उन्हाळ्यात नाहीसा होत असेल तर त्याला कुठेतरी वाट सापडली आहे. पण हे एकदा लक्षात आलं की माणूस ‘कुठे?’ असं विचारायला लागतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर वीस मिनिटांत मिळत नाही.

गॅस भरणं मात्र वीस मिनिटांत होतं. त्यासाठी नेमकं दुकान निवडा. बाहेर रिकाम्या डब्यांची रास असावी, लाल-निळ्या-पिवळ्या नळ्यांचं मीटर खिळ्याला टांगलेलं असावं आणि त्यातल्या एकाची काच फुटलेली असावी. तिथला कारागीर निळी नळी जोडेल, काट्याकडे बघेल आणि म्हणेल, “गॅस कमी आहे भाऊ.” गेला कुठे, असं विचारू नका. विचारलंतच तर “गाडी जुनी झाली ना” हे उत्तर मिळेल, आणि गाडी जुनी आहेच, तेव्हा वाद मिटला.

त्या काट्याबद्दल शंका घेऊ नये. तसं पाहिलं तर इंजिन बंद असताना तो काटा गॅस किती आहे हे सांगतच नाही. आत आर-१३४ए चा, म्हणजे एसीतल्या त्याच गॅसचा, थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत दाब ठरतो तो तापमानावर. ३० अंशांना तो साधारण ९७ पीएसआय असतो, मग आत १५० ग्रॅम असो नाहीतर ४००. म्हणूनच किती ग्रॅम भरायचा हे बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखाली स्टिकरवर छापलेलं असतं आणि तो वजनकाट्यावर मोजून भरायचा असतो. तुम्ही वजनकाटा मागू नका. वाण्याकडे पावशेर जिऱ्याला काटा निरखणारी माणसं आपण, पण इथे कारागिराने ॲल्युमिनियमच्या पाईपवर हात ठेवून “झाला गार” म्हटलं की समाधान मानायचं. वर आग्रहाने सांगायचं, “थोडा जास्तच मारा, यंदा ऊन फार आहे.” जास्त गॅसने दाब चढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि गारवा उलट कमी होतो. पण दिलेल्या पैशाचं चीज झाल्यासारखं वाटतं, ते महत्त्वाचं.

व्हॅक्यूमच्या बाबतीतही दुकानदाराला भिडेत पाडू नका. कोपऱ्यात जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर लाकडी फळीवर ठोकलेला दिसेल, तोच व्हॅक्यूम पंप. खरं तर नळ्यांतली हवा आणि ओल खेचून काढायला अर्धा तास तरी लागतो. आत ओल राहिली तर ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी, म्हणजे कूलिंग कॉइलच्या तोंडाशी असलेल्या बारीक भोकापाशी, गोठून वाट अडवते, आणि गॅस-तेलाबरोबर मिळून आम्ल तयार करते, ते आतून धातू खातं. शिवाय पंप बंद करून काटा जागेवर राहतो का, हे बघायचं असतं. नेमकं हेच बघायचं टाळा. काटा हळूहळू परतायला लागला म्हणजे गळती आहे असं सिद्ध होईल आणि आलेला दिवस वाया जाईल. नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावणारा, कुठे बुडबुडे येतात ते बॅटरी मारून शोधणारा एखादा खडूस कारागीर तुमच्या गावात असेलच. त्याच्या गल्लीतून जाऊ नका. तो गाडी दिवसभर ठेवून घेतो आणि संध्याकाळी हातात पंधरा-वीस रुपयांची ओ-रिंग, म्हणजे पाईपाच्या जोडातली रबरी कडी, ठेवून म्हणतो, “ही गेली होती.” दरवर्षी दीड-दोन हजार मोजणाऱ्याचा याहून मोठा अपमान नाही.

गळती कधीकधी आपणहोऊन समोर येते, तेव्हा जरा सावध राहा. बॉनेट उघडून कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहा. बाकी जाळी धुळीने करडी झालेली असते, पण तिथे तळहाताएवढा काळा, ओलसर डाग असतो. त्यावर धूळ थापलेली, चिलटं चिकटलेली. बोट लावलं तर तेलकट लागतं. एसीच्या तेलाचा तो डाग. कॉम्प्रेसरचं वंगण गॅसबरोबरच फिरतं, त्यामुळे गॅस जिथून पळतो तिथे तेलाचा माग ठेवून जातो. असा डाग दिसला की वेळ न दवडता गाडी वॉशिंग सेंटरला न्या आणि फोम मारून घ्या. पुरावा राहता कामा नये.

याउलट गाडीखाली पाणी ठिबकताना दिसलं की जरूर आरडाओरडा करा. “एसी लीक झाला!” म्हणून सोसायटीभर सांगा. ते कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ थिजून झालेलं साधं पाणी असतं आणि एसी उत्तम चालू असल्याची ती खूण असते. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी हा आपला जुना शिरस्ता आहे.

एक कबूल करायला हवं. गळती कूलिंग कॉइलमध्येच असेल तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि एकदा उतरलेला डॅशबोर्ड पुन्हा पूर्वीसारखा गप्प बसेल याची खात्री कुणी देत नाही. तिथे मालक कचरला तर मी त्याला हसणार नाही. पण इतरांनी, ज्यांची गळती समोरच्या पाईपाच्या जोडात किंवा गॅस भरायच्या व्हॉल्व्हच्या पिनेत आहे, त्यांनीही “डॅशबोर्ड खोलावा लागेल” याच धाकाने आयुष्य काढावं. सोय म्हणून हा धाक फार मोलाचा आहे.

मे उजाडला की कॉम्प्रेसर टक् करून लागेल, टक् करून सुटेल, परत लागेल. गॅस कमी झाल्यावर प्रेशर स्विच त्याला वाचवण्यासाठी बंद करत असतो. कारागीर म्हणेल, “स्विच डायरेक्ट करून देतो, त्रासच नको.” लगेच हो म्हणा. गॅस गेला, त्याच्याबरोबर तेल गेलं, आणि आता कोरड्या कॉम्प्रेसरला थांबवणारंही कुणी उरलं नाही. नवतपा लागेपर्यंत तो जाम होईल आणि जाता जाता धातूचा कीस कंडेन्सरपर्यंत सोडून जाईल, म्हणजे सगळंच एकदम नवं घेण्याचा योग येतो. हे फारच संथ वाटत असेल तर गळती बुजवणारं औषध मिळतं, ते घाला. गळतीचं भोक आणि व्हॉल्व्हचं बारीक भोक यांत ते फारसा भेदभाव करत नाही. कुणी “स्वस्तातला गॅस आहे, जास्त गार करतो” म्हणाला तर तोही घ्या. तो कधीकधी स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ निघतो. गार छानच करतो, फक्त पेटतोही.

राहता राहिलं पर्यावरण. ओझोनला भोक पाडणारा जुना आर-१२ घालवण्यासाठी १९८७ साली माँट्रियलमध्ये करार झाला. त्याच्या जागी आलेला आपला आर-१३४ए ओझोनला काही करत नाही, पण पृथ्वी तापवण्यात एक किलो आर-१३४ए म्हणजे शंभर वर्षांच्या हिशेबाने साधारण १,४३० किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला पुन्हा सगळे देश बसले, आणि त्यानुसार २०२८ पासून भारताला असल्या वायूंचा वापर गोठवायचा आहे. इकडे दुकानात नवा गॅस भरण्याआधी जुना उरलासुरला स्क्रूड्रायव्हरने पिन दाबून हवेत सोडतात, फुस्सकन. साडेचारशे ग्रॅम गॅस सुटला म्हणजे हवेच्या हिशेबात पावणेतीनशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखं झालं. तुम्ही मन लावून घेऊ नका. ५ जूनला सोसायटीत रोप लावताना फोटो काढा. ऊन असेल तर गाडी एसी लावून जवळच उभी ठेवा.

एवढं करूनही कंटाळा आलाच तर गाडी विकून टाका. जाहिरातीत ‘एसी चिल्ड’ असं ठळक लिहा. गिऱ्हाईक सकाळी सातला बोलवा आणि आदल्या संध्याकाळी गॅस भरून घ्या. चक्कर छोटी मारा. त्याने वाकून गाडीखाली पाहिलं आणि “पाणी गळतंय” म्हणाला तर मोठ्या मनाने त्याला समजवा की ते तसंच असतं, उलट चांगलं असतं. आणि त्याने विचारलंच की गॅस शेवटचा कधी भरला होता, तर छातीठोक खरं सांगा: कालच.