निपाणीच्या काकांना उत्तर : वाचनालयाची नवी साइट आणि तुमचे आक्षेप

काका, नमस्कार.

वाचनालयाच्या नव्या साइटवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. सात महिने घालवून साइट आधीपेक्षा गरीब दिसते, सरकते फोटो गेले, संस्थापकांची तसबीर पहिल्या पानावरून गेली. कोल्हापूरच्या एखाद्या कंपनीनं हेच काम तीन आठवड्यांत केलं असतं. मराठीसाठी उभ्या राहिलेल्या संस्थेला कन्नड पानं कशाला हवीत? आणि १९८७च्या स्मरणिकेत तुमच्या वडिलांवर आलेल्या लेखाची लिंक तुम्ही जपून ठेवली होती, ती आता उघडत नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे.

जुन्या साइटवर काय काय आहे हे कळावं म्हणून आम्ही एक प्रोग्रॅम चालवला होता. तो पहिल्या पानावरून निघतो, दिसेल त्या लिंकनं पुढे जातो आणि पत्त्यांची यादी करतो. यादीतल्या प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर आम्ही नवा पत्ता लिहिला आणि सर्व्हरवर ३०१ची नोंद केली. ३०१ म्हणजे ‘हे पान कायमचं अमुक ठिकाणी गेलं आहे’ असं ब्राउझरला आणि गूगलला सांगणारा निरोप. वाचक जुन्या पत्त्यावर आला तरी आपोआप नव्या जागी पोचतो. पण स्मरणिकांच्या पीडीएफकडे नेणारी लिंक जुन्या साइटच्या एकाही पानावर उरली नव्हती. कधीतरी मेनू बदलला तेव्हा ती गळली असणार. फायली सर्व्हरवर होत्या, ज्यांच्याकडे पत्ता होता त्यांना उघडतही होत्या, आमच्या यादीत मात्र त्या आल्याच नाहीत. कुणी कोणता पत्ता मागितला याची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये असते. ती मी काम सुरू करतानाच बघायला हवी होती, बघितली तुमची प्रतिक्रिया आल्यावर. तुमच्यासारखेच आणखी काही जण त्या पत्त्यांवर येऊन ‘४०४’, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, हा निरोप बघून परत गेलेले दिसले. असा पत्ता कुणाच्या व्हॉट्सॲपवर असतो, कुणाच्या प्रबंधाच्या तळटिपेत छापलेला असतो, तो आपल्याला परत जाऊन दुरुस्त करता येत नाही. काल रात्री सगळ्या स्मरणिका जागेवर आणल्या. तुमची जुनी लिंक आता उघडते. तुम्ही रागानं का होईना लिहिलंत म्हणून हे कळलं, त्याबद्दल मनापासून आभार.

आता सात महिन्यांचं. पहिले पाच आठवडे डोमेन, म्हणजे साइटचं नोंदवलेलं नाव, संस्थेच्या ताब्यात घेण्यात गेले. पूर्वी एका कार्यकर्त्यानं आपुलकीनं ते स्वतःच्या नावानं, स्वतःच्या ईमेलवरून घेतलं होतं. ते गाव सोडून गेले, मोबाइल नंबर बदलला, ओटीपी बंद नंबरवर जायला लागला. कंपनी कोल्हापूरची असो की पुण्याची, हा गुंता तिच्या हातात नसतो, संस्थेलाच सोडवावा लागतो. आता डोमेन संस्थेच्या नावावर आहे, ईमेल कार्यवाहपदाचा आहे, माणसाचा नाही. सीमाभागातल्या ज्या ज्या संस्थांच्या साइट आहेत, त्यांनी ही एक गोष्ट आजच तपासावी, नवी साइट करायची असो वा नसो.

सगळ्यात जास्त वेळ मजकुरानं घेतला. जुने लेख डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. त्या फॉन्टमध्ये दिसायला मराठी, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला पानभर रोमन खिचडी दिसायची, आणि गूगलला तर तीच दिसायची. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, बदल करून देणारी साधनं आहेत, पण त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. एकेरी अक्षराला हा क्रम नीट फिरतो, जोडाक्षराला चुकतो. म्हणून प्रत्येक लेख कुणीतरी डोळ्यांनी वाचावा लागला. निवृत्त शिक्षिका असलेल्या आमच्या दोन सभासद रोज दुपारी वाचनालयात बसून ते करत होत्या.

त्यातून ‘ऱ्या’ची अडचण कळली. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधयंत्राला दोन निराळे शब्द. ‘ॲ’चंही तसंच. ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या नोंदींमध्ये ‘अ’वर चंद्र चढवलेला आहे. ग्रंथसूचीत पुस्तक असायचं, कपाटात असायचं, आणि शोधणाऱ्याला ‘आढळले नाही’ असं उत्तर यायचं. पुस्तक नाही असं समजून परत गेलेला वाचक मला या सगळ्या कामात सतत डोळ्यांसमोर होता. आता शोधताना दोन्ही रूपं एकच धरली जातात. हे पहिल्या पानावर दिसत नाही, हे खरं.

सरकत्या फोटोंबद्दल. ते जड होते. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबीकडच्या सभासदाला रेंज नीट नसताना आधी ते फोटो उतरवून घ्यावे लागायचे, मग व्याख्यानमालेची तारीख. साइट वापरायला सोपी कशी करावी याचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच माणसांना साइट वापरायला देऊन शेजारी गप्प बसलं तरी बहुतेक अडचणी कळतात. आम्ही पाच जणांना बसवलं. त्यातले तिघे संस्थापकांच्या तसबिरीवर बोट दाबत राहिले, तिच्यामागे काहीतरी उघडेल म्हणून. आता ‘संस्थेविषयी’ या पानावर तसबीर आहे आणि तिच्याखाली त्यांचं चरित्र आहे, जे जुन्या साइटवर कुठेच नव्हतं. फिकट पिवळ्यावरची पांढरी अक्षरं काढली, कारण सुगम्यतेच्या, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या, निकषात साध्या अक्षरांना मागच्या रंगावर ४.५ला १ एवढा तरी उठाव लागतो. आपले निम्मे वाचक साठीच्या पुढचे आहेत.

कन्नड पानांविषयी तुम्ही जे लिहिलंत त्यामागची कळ मला परकी नाही. १९५६ पासून या भागातल्या मराठी माणसानं काय सोसलं हे आपल्या दोघांच्याही घरात बोललं जातं. म्हणून नीट सांगतो. साइट उघडते ती मराठीतच. मराठीतला एकही शब्द कमी केलेला नाही. कन्नडमध्ये चार पानं आहेत : पत्ता, वेळ, सभासदत्व, व्याख्यानमाला. ती यंत्रानं भाषांतरित केलेली नाहीत, आपल्याच एका सभासद शिक्षकांनी थेट कन्नडमध्ये लिहिली आहेत. घरी मराठी बोलणारी आणि कन्नड माध्यमात शिकणारी मुलं खानापुरात आहेत, तुमच्या निपाणीतही असतील. त्यांना देवनागरी सावकाश वाचता येते, पण वाचनालयाचं दार कुठे आहे हे पटकन कळायला हवं. आत आल्यावर ती मराठी पुस्तकच हातात घेतात, हे मी काउंटरवर बसून बघितलं आहे. तसंच नावाचं. १ नोव्हेंबर २०१४ला बेळगावचं सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं, मराठीत आपण बेळगावच लिहितो आणि साइटवरही तेच आहे. रोमन लिपीत मात्र दोन्ही स्पेलिंगं ठेवली, कारण शोधणारे दोन्ही टाइप करतात.

उलट मराठीसाठी एक गोष्ट पहिल्यांदाच झाली. जुन्या साइटच्या प्रत्येक पानाच्या कोडमध्ये भाषा ‘इंग्रजी’ नोंदलेली होती. ती मराठी केल्याबरोबर फॉन्टनं हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ सोडून आपल्या वळणाचे दाखवायला सुरुवात केली, आणि दृष्टिहीन वाचकांचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही त्या पानाला मराठी आवाज लावू लागलं.

काका, एक विनंती. तुमच्या वडिलांवरचा लेख उघडून बघितला. स्कॅनमध्ये त्याचं शेवटचं पान नाही, वाक्य मध्येच तुटतं. वाचनालयातल्या प्रतीचंही ते पान फाटलेलं आहे. तुमच्याकडे कागदी स्मरणिका असेल तर कळवा. येत्या रविवारी मी निपाणीला येतो, घरीच फोटो काढून घेतो, प्रत तुमच्याकडेच राहील.