परीक्षा होऊ दे, मग काय ती मजा कर

आज सकाळी अकराला उठले. (हो, अकराला. उद्या पेपर आहे आणि मी अकराला उठले, घ्या, बोलायला अजून एक कारण.) फोन बघते तर रात्री टाकलेल्या फोटोखाली आत्याची कमेंट: "पेपर संपले का गं? की चांदण्या मोजण्यातच डिग्री घेणार आहेस?" पुढे तो डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारा चेहरा. आणि त्या कमेंटवर अख्ख्या खानदानाचे लाइक. ज्या काकांनी मला दोन वर्षांत एक फोन केलेला नाही, त्यांचाही.

आत्या, तू हे वाचणार आहेस हे मला माहितीये. वाच. मी शांतपणे लिहायचं ठरवलंय. बघू किती वेळ जमतंय.

आधी फोटोबद्दल. काल रात्री आम्ही उल्का बघायला वर गेलो होतो, पण त्यात एकही उल्का नाही. नीट बघा. होस्टेलची गच्ची, सहा पोरी, चार ब्लँकेटं, एकीचं लाल झालेलं नाक, वर नुसता काळा चौकोन. तरीही मी तो टाकला, कारण ती रात्र मला दोन वर्षं देणं होती.

१४ डिसेंबर २०२३. फर्स्ट इयर, पहिली फायनल, दुसऱ्या दिवशी पेपर. माझी रूममेट रात्री बाराला स्वेटरवर स्वेटर चढवत म्हणाली, चल वर, मिथुनातला उल्कावर्षाव आहे. आज चंद्रही नाही, असं आभाळ दरवर्षी नसतं. वॉचमनकाकांना पटवून तिने गच्चीची किल्लीसुद्धा मिळवली होती. मी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "परीक्षा होऊ दे गं, मग जाऊ." ती हसली. "मग? तो काय आपल्या टाइमटेबलवर चालतो?" आणि गेली.

मी अभ्यासाला बसले. म्हणजे बसले, एवढंच. एकच पान आठ-नऊ वेळा वाचलं. वरून मधूनच एकदम सगळ्यांचा आरडाओरडा यायचा, म्हणजे एखादी मोठी दिसली असणार. मग शांतता. मग परत. दर ओरड्याला मी पानाच्या पहिल्या ओळीवर. पहाटे ती आली, बर्फासारखे गार पाय माझ्याच ब्लँकेटात घुसवले, "त्रेचाळीस" एवढं एकच म्हणाली आणि झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी पेपर कुठला होता, हे आत्ता लिहिताना मला मार्कशीट काढून बघावं लागलं. एकसष्ट मार्क. तिला सत्तावन्न. हो, चार कमी पडले तिला, घ्या, लिहून टाकलं. त्या चार मार्कांचं मी पुढे काय केलं ते विचारू नका.

आता मला सांगा, "परीक्षेनंतर मजा कर" हे जे सगळे म्हणता, ते परीक्षेनंतरचे दिवस तुम्ही कधी बघितलेत का? मी सांगते. शेवटचा पेपर पाचला सुटतो. साडेपाचला जिन्यावरून पहिली बॅग खडखडत उतरते. सहाला निरोपाच्या मिठ्या, त्याही घाईघाईत, कारण कुणाची बस, कुणाची ट्रेन. आठला मजल्यावर तीन दिवे. नऊला मेसमध्ये मी आणि जिचं तिकीट उद्याचं आहे अशी एक मुलगी, जिचं नावही मला माहीत नाही. ज्यांच्याबरोबर मजा करायची ती माणसं मजेची परवानगी मिळाल्यावर चार तासांत गायब! हे साधं गणित एकाही मोठ्या माणसाला कसं कळत नाही?

आणि घरी पोहोचल्यावर? पहिले दोन दिवस झोप. तिसऱ्या दिवशी सर्दी-ताप, हे दरवेळी, शरीर जणू पेपर संपायचीच वाट बघत असतं. पाचव्या दिवसापासून "सुट्टीत काय करणार आहेस?" म्हणजे इंटर्नशिपचा फॉर्म भरलास का, पुढच्या सेमिस्टरची पुस्तकं आणलीस का, एखादा कोर्स कर. आईबाबा कामावर. शाळेतल्या मैत्रिणींच्या परीक्षा अजून चालू, किंवा त्यांच्या सुट्ट्या आपण परतल्यावर सुरू. दिवसभर मी, सोफा आणि तो फोन.

एक शाळेतली मैत्रीण शिकायला अशा ठिकाणी गेलीये जिथे डिसेंबरात बर्फ पडतो. तिथली पोरं ऐन फायनलच्या आठवड्यात मेसमधले ट्रे पळवतात आणि त्यावर बसून लायब्ररीमागच्या उतारावरून घसरत येतात. तिने व्हिडिओ पाठवला होता. रात्रीचा एक वाजलाय, मागे लायब्ररीचे सगळे दिवे चालू, आणि एक जाडजूड चष्म्याचा मुलगा ट्रेवरून उलटा खाली येतोय. मी तो व्हिडिओ वीस वेळा बघितला असेल. तो पोरगा नापास झाला का, हे मला खरंच जाणून घ्यायचं नाहीये.

डिसेंबर आमच्यासाठी असाच असतो हो. सकाळी हॉलमध्ये शिरायचं, संध्याकाळी बाहेर यायचं तर दिवस मावळायला आलेला. वर्षातला सगळ्यात लहान दिवस २१-२२ तारखेला, म्हणजे नेमका शेवटच्या पेपरांच्या आसपास. वाट्याला येतात त्या रात्री. आणि थंडीमुळे एरवी चार खोल्यांत विखुरलेली माणसं एका खोलीत, एका हीटरभोवती येऊन बसतात. सात जणी, एकाच नोट्सच्या झेरॉक्स, पाय एकमेकींच्या ब्लँकेटात. दोन वाजता कुणीतरी एखादा साधा शब्द चुकीचा वाचते आणि पुढची वीस मिनिटं सगळ्या पोट धरून हसतात. काय विनोद होता ते दुसऱ्या दिवशी सांगताही येत नाही. एक जण पेन हातात धरून बसल्याबसल्या झोपते, दुसरी तिचा फोटो काढते, तिसरी तिच्या अंगावर शाल टाकते. हे सुट्टीत घडत नाही, कारण घडायला त्या सात जणी सारख्याच घाबरलेल्या असाव्या लागतात.

ज्यांची फी किंवा स्कॉलरशिप एका पेपरवर लटकलीये त्यांना मी "चला गच्चीवर" म्हणणार नाही, तेवढी अक्कल आहे मला.

पण मला राग कशाचा आलाय ते सांगते. पहाटे चारपर्यंत पुस्तक घेऊन जागलं की पोर मेहनती. तेच तीनपर्यंत आभाळाखाली जागलं की उनाड. झोप दोन्हीकडे सारखीच गेली ना? एबिंगहाउस नावाच्या एका जर्मन माणसाने निरर्थक शब्द पाठ करून करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली सांगून ठेवलं की एका दमात घोकलेलं भराभर उडून जातं, थोडं थोडं अंतर ठेवून केलेलं टिकतं. एकशे चाळीस वर्षं झाली याला. आम्हाला तो अभ्यासक्रमात आहे! त्याच्यावरचा प्रश्न आम्ही शेवटच्या रात्री, एका दमात, घोकून जातो. त्याला कुणी हसत नाही. रात्री अकराला तिसरी कॉफी पिणाऱ्या माझ्या फोटोवर याच आत्याने "शाब्बास, अशीच मेहनत कर" लिहिलं होतं. त्या रात्री मी कॉफी पिऊन पाच वाजेपर्यंत छताकडे बघत पडले होते. ती मेहनत.

जरा पाणी पिऊन आले.

रूममेटचं सांगायचं राहिलं. सेकंड इयरला ती आलीच नाही. घरची काही अडचण, दुसरं कॉलेज, घराजवळचं. ऑगस्टमध्ये कळलं. तिच्या कॉटवर आता दुसरी मुलगी आहे, चांगली आहे, घोरते. म्हणजे "मग जाऊ" मधला तो मग असा फुकट गेला.

गेल्या वर्षी मी एकटीच वर गेले होते, हट्टाने. १३ डिसेंबर २०२४. पौर्णिमा तोंडावर आलेली, आभाळ दुधासारखं पांढरं, अर्ध्या तासात कशाबशा तीन दिसल्या. तिला व्हॉइस मेसेज पाठवला. तिचं उत्तर: "तुला सांगितलं होतं." एवढंच. तिने आणखी काही बोलायची गरजही नव्हती.

या वर्षी मात्र मी तयारीने गेले. काल शनिवार, पेपर सोमवारी, चंद्रकोर उशिरा उगवणार. पाच ज्युनियर पोरींना उठवून नेलं. सगळ्यांचे फोन आधी काढून घेतले, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितली की पुन्हा पहिल्यापासून. (फोन नसताना वीस मिनिटं या पोरी जे बोलल्या ते मी इथे लिहूच शकत नाही.) मग पुनर्वसूचे ते दोन तारे दाखवले, त्यातल्या एकाजवळून उल्का सुटल्यासारख्या वाटतात. खाली मृग, व्याध. मला हे सगळं रूममेटकडून उसनं आलेलं. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात, हा मात्र फेथॉन नावाच्या एका लघुग्रहाचा. त्याचा शोध १९८३ साली, एका उपग्रहामुळे लागला. वाळूच्या कणाएवढे तुकडे, सेकंदाला साधारण पस्तीस किलोमीटर वेगाने येतात आणि वर हवेतच जळतात. हे मी सांगत होते आणि मध्येच एक अशी गेली, अर्धं आभाळ कापत, हिरवट, की सहाच्या सहा जणी किंचाळल्या.

आणि तेव्हा मला खालच्या खिडक्या दिसल्या. दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत दिवा चालू होता. टेबलाशी कुणीतरी बसलेलं. आमच्या ओरडण्याने तिने मान वर केली, मग परत खाली घातली. पहिल्या ओळीवर गेली असणार. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि नाव माहीत नाही म्हणून गप्प बसले. आज दुपारपासून मी मेसमध्ये तिला शोधतेय, पण चेहरा कुठे दिसला होता?

आता राग बराच उतरलाय, खरं सांगायचं तर. आत्याचंही एक आठवतंय. तिने डिग्री लग्नानंतर पूर्ण केली. धाकट्याला मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात वाचायची, असं बाबा सांगतात. तिला ना गच्ची मिळाली, ना होस्टेल, ना सुट्टी. निकालाच्या दिवशीही तिने आधी भांडी घासली असतील. "परीक्षा होऊ दे, मग" हे तिने स्वतःला किती वेळा सांगितलं असेल कोण जाणे. तेव्हा तू मला बोललीस ते मी सोडून देते, आत्या. त्या काकांचा लाइक मात्र मी सोडणार नाही.

दुपारी फोटोखाली आणखी एक कमेंट आली. रूममेटची. एकच शब्द: "किती?"

मी लिहिलं, "एकतीस."

तिने लिहिलं, "माझे त्रेचाळीस." आणि जीभ बाहेर काढलेला चेहरा. दोन वर्षांनी! हिशोब अजून तोंडपाठ आहे बाईला.

तर आत्या, पेपर उद्या सकाळी दहाला आहे. दोन धडे राहिलेत, त्यातला एक मी सोडून देणार आहे. सुट्टी लागली की आधी तुझ्याकडे येते, रात्री तुझ्या गच्चीवर झोपू. तेव्हा यातल्या उल्का नसतील, पण मृग असतो. स्वेटर काढून ठेव.