टुटूची शिवण : एका प्रतिक्रियेला उत्तर

बॅलेचा पोशाख म्हणजे निव्वळ सजावट, तिला कला म्हणणे ही अतिशयोक्ती आणि शिवणाऱ्यांचे काम तर ‘नुसती शिलाई’, असे आपण लिहिले आहे. पुरावा म्हणून आपण नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिन यांचे उदाहरण दिले आहे. त्यांच्या ‘द फोर टेम्परामेंट्स’साठी १९४६ साली चित्रकार कुर्ट सेलिगमान यांनी योजलेले पोशाख १९५१ मध्ये बाद झाले आणि नर्तक सरावाच्या साध्या कपड्यांत नाचू लागले, हे खरेच आहे. मात्र ते बाद झाले याचे कारण त्यांत हालचाल झाकली जात होती, हे आपण लक्षात घेतलेले दिसत नाही. चित्र म्हणून देखणा असलेला पोशाख नाचासाठी बेतलेला असतोच असे नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

आदल्याच वर्षी, १९५० मध्ये, याच बॅलन्शिन यांच्या ‘सिंफनी इन सी’साठी वेशभूषाकार बार्बरा कारिन्स्का यांनी टुटूचा, म्हणजे बॅले नर्तकीच्या जाळीदार थरांच्या आखूड घेराच्या पोशाखाचा, नवा प्रकार घडवला होता. आडवा घेर ताठ राहावा म्हणून जाळीच्या थरांत तारेचे कडे घालण्याची रीत होती. पण नर्तकी दाटीने उभ्या राहिल्या की एकीची कड दुसरीच्या घेराला लागून तो बशीसारखा कलंडत असे. या बॅलेच्या अखेरीस तर पन्नासहून अधिक नर्तक एकाच वेळी रंगमंचावर असतात. कारिन्स्कांनी कडेच काढून टाकले, थर आखूड ठेवले आणि ते एकमेकांना सैल टाक्यांनी जोडले, त्यामुळे घेर मऊ, फुललेला राहिला आणि पायांची रेषाही मोकळी दिसू लागली.

बॉडिस, म्हणजे पोशाखाचा कंबरेपर्यंतचा अंगाबरोबर बसणारा वरचा भाग, बेततानाही त्या काही पट्टे उभ्या धाग्यावर आणि काही उरेब, म्हणजे धाग्याला तिरके, कापत. उरेब कापड किंचित ताणले जाते, म्हणून कंबर आवळलेली दिसत असली तरी नर्तकीला पोटभर श्वास घेता येतो. प्रेक्षागृहातून यातले काहीच दिसत नाही (आणि दिसूही नये), म्हणूनच बहुधा ते आपल्या हिशेबातून सुटले असावे.

पिकासो यांनी १९१७ च्या ‘पॅराद’ या बॅलेमध्ये नर्तकांवर जे अवजड सांगाडे चढवले, ते नाचाला अडथळा ठरतात हा आपला आक्षेप मला काही अंशी मान्य आहे. मात्र ‘नुसती शिलाई’ हे शब्द मला मान्य नाहीत. कारिन्स्का आधी अनेक वर्षे क्रिस्तियाँ बेरार यांच्यासारख्या चित्रकारांच्या रेखाटनांवरून पोशाख शिवून देत होत्या. बॅलन्शिन यांच्यासाठी स्वतःचे आरेखन त्यांनी १९४९ पासून सुरू केले. आपल्या निकषाने त्या त्याआधी केवळ शिंपी ठरतात, परंतु कागदावरच्या रेघेतून नाचता येईल असे वस्त्र काढण्याचे काम त्या तेव्हाही करीतच होत्या.