'चार महिने घाणीत बसायचं का?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पावसाळ्यातल्या सोफा कव्हरांवर मी जे लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं ती दुसऱ्याच कुणाच्या लेखाखाली टाकायची राहून इथे आली असावी.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की समुद्राकाठच्या घरात मृगाच्या आधी कव्हरं धुऊन घ्यावीत आणि मग पाऊस ओसरेपर्यंत सगळा सेट धुवायला काढू नये. ब्रशने झाडावीत, डाग पडला तर तेवढाच भाग पुसावा. त्यावर हे लिहितात: "मॅडम, म्हणजे चार महिने घाणीत बसायचं का? हा शुद्ध आळशीपणा आहे. आता घरोघरी मशीन आहे, स्पिन करा, पंख्याखाली टाका, विषय संपला. काळे डाग ब्लीचने जातात. गणपतीत पाहुण्यांना काय मळक्या सोफ्यावर बसवायचं? कव्हर उलटं करून धुवावं, एवढंही लिहिलेलं नाही. नेटवरून उचललेलं दिसतंय."

आधी तुमच्या बाजूचं बोलते. कव्हर उलटं करून आणि चेन बंद करून धुवायचं, हे लेखात नव्हतं. चेन उघडी राहिली तर तिचे दात मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांना ओढतात. हे लिहायला हवं होतं, मान्य. इतक्या साध्या गोष्टीसाठी 'एवढंही' लिहायची गरज होती का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता 'आळशीपणा'. हा आरोप मला लागला, खोटं कशाला बोलू. लग्न होऊन मी गुहागरात आले तेव्हा या घरात सागवानी सोफा होता आणि त्यावर सावरीच्या कापसाच्या गाद्या. मशीन नव्हतं, विहीर होती. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं सुरू झाली की सासूबाई सगळ्या खोळी काढायच्या, आदल्या रात्री रिठ्याच्या पाण्यात भिजवायच्या, सकाळी दगडावर घासायच्या आणि वाडीत सुपारीची सावली येणार नाही अशी जागा बघून वाळत घालायच्या. सावरीचा कापूस पाण्यात घालायचा नसतो, म्हणून गाद्या नुसत्या उन्हात, दर तासाने उलटत. दिवसभर पायाला भिंगरी. त्या बाईने पावसाळ्यात एक खोळ धुवायला काढलेली मला आठवत नाही. तिला आळशी म्हणायची छाती इथे कुणाची नव्हती. तुम्ही पुण्यात बसून म्हणालात.

पुण्याचं मुद्दाम काढत नाही. 'मूळ दापोली, सध्या पुणे' हे तुमच्याच नावापुढे लिहिलंय. पण पुण्यात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याहून जास्त रत्नागिरीत एकट्या जुलैत पडतो. वर्षाचा आकडा ३००० मिलिमीटरच्या पुढे. त्या दिवसांत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते. तुम्ही म्हणता पंख्याखाली टाका. पंखा हवा फिरवतो, कोरडी करत नाही. जी हवा आधीच पाण्याने भरलेली आहे, ती तुमच्या कव्हरातलं पाणी घेऊन ठेवणार कुठे? आणि स्पिन म्हणजे यांत्रिक पिळणं. पाणी गळायचं थांबतं इतकंच, कापड वाळत नाही. शिवाय ऐन पिळात लाइट जाते, ते वेगळंच.

मिठाचं तर तुमच्या लक्षातही आलेलं नाही. समुद्र आमच्या वाडीमागेच आहे. खारं वारं खिडकीच्या गजांना खातं, तसं कापडातही मुरतं. साधं मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून घ्यायला लागतं. म्हणजे ज्या कव्हरात मीठ, घाम आणि डोक्याचं तेल साठलंय, ते पावसाळाभर ओलसर राहणारच. म्हणून तर मेअखेर धुवायचं! मीठ, तेल, घाम सगळं बाहेर, वर दोन दिवस कडक ऊन, की बुरशीला ना पाणी मिळत ना खाणं. खळ मात्र करायची नाही, खळ म्हणजे तिला पंगत वाढून देणं. हे सगळं मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही 'धुवू नका' एवढंच वाचलंत आणि चष्मा काढून ठेवलात.

नेटवरून उचललं म्हणता, तर घरचं सांगते. माझी धाकटी जाऊ ठाण्याची, टापटिपीची. एका जुलैत तिनेही हेच केलं: मशीन, स्पिन, पडवीत दोरी, वर पंखा. तिसऱ्या दिवशी कव्हरं हाताला कोरडी लागली, म्हणून चढवली. आठवडाभराने कुबट वास यायला लागला. कव्हर काढून बघितलं तर वरून स्वच्छ. आतून चेनजवळची दुहेरी शिवण उलटवली, तिथे खसखशीएवढे काळे ठिपके, एका ओळीत, दोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी. कव्हराच्या कडेची गोल पट्टी, म्हणजे पायपिन, तिच्या आत सुतळीसारखी दोरी असते, ती अजून दमट. चेनचा लोखंडी हूक गंजून त्याचा तांबूस डाग फोमवर उमटलेला. फोमलाही वास. तो फोम पुढे मेपर्यंत काही ठीक झाला नाही. जोडीला पावसात न धुतलेला सेट होता, त्याला काही झालं नव्हतं. आता सांगा, घाणीत कोण बसलं?

कापड वाळलं की नाही ते तळहाताला कळत नाही. शिवण ओठाला लावून बघायची; थंड लागली तर आत पाणी आहे. सासूबाई गालाला लावायच्या.

ब्लीचबद्दल एवढंच: रंगीत कापडाचा रंग जातो, गंजाचा डाग उलट पक्का बसतो. आणि जे लोक वासासाठी आधी व्हिनेगर मारतात आणि मग ब्लीच ओततात, त्यांनी तसं अजिबात करू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. असा सल्ला बिनदिक्कत देण्याआधी दोन मिनिटं विचार करत जा. बुरशी दिसलीच तर कव्हर बाहेर नेऊन, उघडीप बघून वाळवावं, कोरडं झटकावं आणि मगच धुवावं. ओलं चोळलं तर ठिपके पसरतात.

गणपतीतल्या पाहुण्यांचं उत्तर लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. दुसरा सेट. मेमध्ये वाळवून, पूर्ण गार झाल्यावर जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून ठेवलेला. चाकरमानी यायच्या आदल्या दिवशी काढायचा. शेवटपर्यंत वाचायला तुम्हाला वेळ झाला नसावा.

लहान मूल असेल, त्याने सोफा ओला केला, तर वाट बघत बसा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. तेवढं एक कव्हर धुवा, चुलीच्या उबेला किंवा इस्त्री फिरवून वाळवा, आणि शिवण बघूनच चढवा. एक कव्हर सांभाळणं आणि बारा कव्हरं दोरीवर लोंबकळत ठेवणं यांत फरक असतो. संसार केलेल्याला तो सांगावा लागत नाही.

मशीनच्या गरम हवेच्या ड्रायरचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण काढाल. ज्यांच्याकडे तो आहे आणि बिलाची फिकीर नाही, त्यांनी खुशाल धुवावं. कापड आटणारं आहे का ते आधी कव्हराच्या आतल्या पट्टीवर बघून. आमच्या आळीत तो कुणाकडे नाही.

'मॅडम'ही नको. इथे सगळे मला ताई म्हणतात, भांडतानाही.

खाली तिघीजणींनी फणसाच्या चिकाचं विचारलंय, त्यांच्यासाठी: पाणी अजिबात लावू नका. चिकावर खोबरेल तेल चोळून थोडा वेळ राहू द्या, सुटलेला चीक बोथट सुरीने खरवडून काढा, मग तेलाच्या डागाला साबण. हळदीच्या डागावर साबण लावल्यावर तो लाल झाला तर घाबरू नका, धुऊन उन्हात टाका, उतरतो. काजूच्या बोंडाचा डाग मात्र जात नाही. त्यावर दुसरं कापड लावून शिवून टाका.